वर्ग तर चालला, पण मुलगी वाचायला लागली का?

गेल्या जूनमध्ये ठाण्यातल्या किसननगरच्या आमच्या वाचनवर्गात चौथीतली एक मुलगी माझ्यासमोर बसली आणि मी दिलेला चार ओळींचा उतारा तिने एका दमात, कुठेही न अडखळता वाचून दाखवला. मी इतकी खूश झाले की लगेच फॉर्मवर टिक केली, "उतारा वाचते". मग सहज म्हणून दुसरा कागद पुढे केला, तितकाच सोपा, फक्त उतारा वेगळा, तर ती गप्प. बोट पहिल्या शब्दावर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. झालं असं होतं की तिच्या आधी पाच मुलांनी तोच उतारा वाचला होता, ती मागे बसून ऐकत होती आणि तिला तो पाठ झाला होता. पोरीची स्मरणशक्ती जबरदस्त आहे हे कळलं, पण वाचता येतं का याचं उत्तर मी चुकीचं लिहिलं होतं, आणि ते चुकीचं उत्तर तसंच शीटमध्ये, शीटमधून रिपोर्टमध्ये आणि रिपोर्टमधून पैसे देणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये गेलं असतं.

कार्यक्रमाचं मूल्यमापन हा शब्द ऐकला की लोकांना जाडजूड रिपोर्ट, कन्सल्टंट आणि पाय चार्ट आठवतात. खरं तर प्रश्न एवढाच असतो की आपण जे करतोय त्याने काही फरक पडतोय का, आणि पडत असेल तर तो आपल्यामुळेच पडतोय हे कशावरून. आम्ही वागळे इस्टेट, किसननगर, लोकमान्यनगर या भागात संध्याकाळचे वाचनवर्ग चालवतो, तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी, सगळे नोकऱ्या सांभाळून करणारे लोक, कोणी ऐरोलीला आयटीत, कोणी शाळेत शिक्षिका, एक जण आता पुण्याला गेलाय तरी ऑनलाइन काम करतो. दोन वर्षांपूर्वी आकड्यांचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला यातलं काहीच येत नव्हतं, जे वाचून आणि हात पोळून शिकले ते इथे लिहितेय, कारण आपल्या भाषेत हे सगळं एका जागी मला मिळालं नाही आणि छोट्या छोट्या मंडळांना, बचत गटांना, अभ्यासिका चालवणाऱ्यांना याची खूप गरज आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करूया. किती वर्ग झाले, किती मुलं आली, किती पुस्तकं वाटली याची नोंद ठेवणं म्हणजे देखरेख, ज्याला सगळे मॉनिटरिंग म्हणतात. त्यातून मुलांमध्ये काय बदललं हे तपासणं म्हणजे मूल्यमापन. ठाण्याच्या टीएमटी बसने दिवसात किती फेऱ्या मारल्या हे डेपोच्या रजिस्टरवरून कळतं, पण माणसं स्टेशनला वेळेत पोचतात का हे रजिस्टर सांगत नाही, त्यासाठी स्टॉपवर उभं राहावं लागतं. पहिल्या वर्षी आम्ही फक्त रजिस्टर ठेवलं होतं. हजेरी छान होती, आम्ही समाधानी होतो, आणि कोणी विचारलं की मुलं वाचायला लागली का तर आमच्याकडे फक्त "हो, खूप फरक पडलाय" एवढंच उत्तर होतं. ते खोटं नव्हतं, पण ते आम्हाला माहीतही नव्हतं.

हा विषय आपल्याकडे नवा नाही हे मला नंतर कळलं. सरकारी योजनांचं मूल्यमापन करायला १९५२ मध्येच नियोजन आयोगाच्या अंतर्गत एक वेगळी संघटना काढली होती, आणि २०१५ मध्ये तिचं काम नीती आयोगाच्या देखरेख आणि मूल्यमापन कार्यालयात आलं. आता छोट्या संस्थांपर्यंत हा प्रश्न येतोय त्याचं एक कारण सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर करायचा खर्च. जानेवारी २०२१ च्या नियमांनुसार ज्या कंपनीवर सरासरी दहा कोटी किंवा जास्त सीएसआर खर्चाची जबाबदारी आहे तिला एक कोटी किंवा जास्त खर्चाच्या प्रकल्पांचं बाहेरच्या संस्थेकडून इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे परिणामाची तपासणी, करून घ्यावं लागतं. आपल्यासारख्यांचे प्रकल्प एवढे मोठे नसतात, नियम आपल्याला लागू नसतो, पण सवय पसरली की एमआयडीसीतली मध्यम कंपनीसुद्धा विचारते, "इम्पॅक्ट काय?" आणि आपण गडबडीने काहीतरी मोजायला घेतो.

गडबड इथेच होते. काय मोजायचं हे ठरवायच्या आधी हे ठरवायचं की उत्तर कोणाला हवंय आणि तो माणूस त्या उत्तराचं काय करणार आहे. मायकल क्विन पॅटन नावाचा अमेरिकन अभ्यासक १९७० च्या दशकापासून हेच सांगत आलाय, की मूल्यमापनाची किंमत त्याच्या वापरावरून ठरते. आम्ही याचा एक घरगुती नियम केलाय. प्रत्येक प्रश्नापुढे दोन ओळी लिहायच्या: उत्तर हो आलं तर आपण काय करणार, नाही आलं तर काय करणार. दोन्ही ओळी सारख्याच आल्या तर तो प्रश्न फॉर्ममधून काढायचा. पहिल्या फॉर्ममध्ये आमचे चाळीसच्या वर प्रश्न होते, घरात टीव्ही आहे का, वडील काय करतात, घर स्वतःचं की भाड्याचं. या नियमाने त्यातले बहुतेक उडाले, आणि मुख्य म्हणजे लोकांच्या घरात बसून उगाच त्यांची चौकशी करणं थांबलं, जे मला आजही सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

याच्याशी जोडलेला एक फरक १९६७ मध्ये मायकल स्क्रिव्हनने मांडला, फॉर्मेटिव्ह आणि समेटिव्ह. शब्द अवघड आहेत, गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. आमटी उकळत असताना आपण चमच्याने हातावर घेऊन चव बघतो, मीठ कमी वाटलं तर घालतो, हे झालं फॉर्मेटिव्ह. पाहुणे जेवून उठल्यावर आमटी कशी होती ते सांगतात, ते समेटिव्ह. (सूपचं असंच उदाहरण रॉबर्ट स्टेक नावाच्या अभ्यासकाच्या नावाने सांगितलं जातं, मी आमटी केली.) छोट्या संस्थेने बहुतेक वेळ पहिल्या प्रकारात घालवावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण वर्षाच्या शेवटी मीठ कमी होतं हे कळून त्या वर्षीच्या मुलांना काहीच फायदा नाही.

आता थिअरी ऑफ चेंज. नाव ऐकून घाबरू नका. आपण जे करतो त्यातून शेवटी जे व्हायला हवं तिथपर्यंतची साखळी कागदावर काढायची, आणि प्रत्येक कडीखाली लिहायचं की हे होण्यासाठी आपण काय गृहीत धरलंय. कॅरल वाइस या बाईंनी १९९५ च्या सुमारास या पद्धतीवर खूप जोर दिला, कारण त्यांचं म्हणणं होतं की कार्यक्रम फसतो तेव्हा तो नेमका कुठल्या कडीवर फसला हे कळायला हवं. आमची साखळी अशी होती: वर्ग भरतो, मूल येतं, मूल आपल्या पातळीचं वाचतं, रोज थोडं वाचतं, पातळी वाढते, शाळेत मागे पडत नाही. "मूल येतं" या कडीखाली आम्ही लिहिलं होतं, "संध्याकाळी सहाला मुलं मोकळी असतात". कोणालाच त्यात काही खटकलं नाही.

मग हजेरी नीट बघितली तर एका वर्गात मुलगे येत होते आणि चौथी-पाचवीच्या मुली आठवड्यातून दोनदाच. आम्ही चर्चा केली, की मुलींना गोष्टी आवडत नसतील, की मुलांच्या दंग्याने कंटाळत असतील, वेगवेगळे अंदाज. शेवटी मी आणि माझी सहकारी एका मुलीच्या घरी गेलो. तिची आई भाजी निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "अहो ताई, सहाला पाणी येतं आमच्या गल्लीत. मी कंपनीतून साडेसहाला येते. ती नाही भरणार तर कोण भरणार?" एवढंच. दोन महिने आम्ही ज्याची चर्चा करत होतो ते दोन मिनिटांत कळलं. वर्ग सातला नेला आणि मुली यायला लागल्या. ही कडी कागदावर लिहिलेली नसती तर आम्ही गोष्टीची पुस्तकं बदलत बसलो असतो.

मोजायचं कशाने? वाचनासाठी आपल्याकडे एक फार चांगलं साधन आधीच आहे. 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून निघणारा, मुलांना किती वाचता येतं हे सांगणारा 'असर' अहवाल तुम्ही बातम्यांत बघितला असेल. त्यातली वाचनाची चाचणी एका कागदावर मावते: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जास्तीत जास्त जिथपर्यंत नीट पोचतं ती त्याची पातळी. मार्क नाहीत, पास-नापास नाही. असरची टीम मुख्यतः ग्रामीण भागात काम करते आणि शाळेत न जाता घरोघरी जाते, कारण शाळेत गेलं तर त्या दिवशी हजर असलेलीच मुलं सापडतात आणि जी येतच नाहीत ती मोजणीतून गळतात. ही छोटीशी वाटणारी गोष्ट आमच्या डोक्यात बसायला वर्ष गेलं. आम्हीही वर्गात हजर मुलांचीच चाचणी घेत होतो. जी सोडून गेली ती बहुतेक मागे पडलेलीच होती, ती यादीतून गेल्यावर उरलेल्यांची सरासरी आपोआप वर गेली, आणि आम्हाला वाटलं वर्ग सुधारला. आता जूनच्या यादीत असलेल्या प्रत्येक मुलाला शोधून चाचणी घेतो, सोडून गेलं असेल तरी, आणि घर बदलून दिव्याला किंवा दिघ्याला गेलं असेल तर निदान फोन करतो.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलीनंतर तीन गोष्टी बदलल्या. उतारे चार केले आणि शेजारी बसलेल्या मुलाला वेगळा द्यायचा. चाचणी वर्गाच्या बाहेर, जिन्यात किंवा समोरच्या देवळाच्या ओट्यावर, एकेकाची घ्यायची. आणि शिकवणाऱ्या ताईने स्वतःच्या मुलांची चाचणी घ्यायची नाही, किसननगरची ताई लोकमान्यनगरला जाते आणि तिकडची इकडे येते. यात अविश्वास नाही. आपल्या मुलाने अर्धा शब्द उच्चारला की आपण उरलेला मनात पूर्ण करतो, माझंही तसंच होतं.

आणखी एक धोका आहे ज्याबद्दल डोनाल्ड कॅम्बेलने १९७० च्या दशकात लिहून ठेवलंय, की एखादा आकडा निर्णयांसाठी जितका जास्त वापरला जाईल तितका तो बिघडत जातो आणि ज्या गोष्टीवर लक्ष ठेवायला तो आणला तीच गोष्ट बिघडवतो. आमच्याकडे वर्गांची तुलना करणारा एक तक्ता व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला गेला, चांगल्या हेतूने, आणि पुढच्या महिन्यात एका वर्गात चक्क चाचणीचेच उतारे शिकवले जात होते. त्या ताईंचं काही चुकलं नाही, आम्ही तक्ता टाकला हे चुकलं. तो बंद केला.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि इथे थोडं थांबून वाचा कारण बहुतेक रिपोर्ट इथेच घसरतात. आपल्याकडे म्हणतात ना, सर्दीला औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते आणि नाही घेतलं तर आठवड्यात. जूनमध्ये मूल अक्षरं वाचत होतं, मार्चमध्ये परिच्छेद वाचतं, आपण म्हणतो वर्गामुळे झालं. पण मूल शाळेतही जात होतं, नऊ महिन्यांनी मोठं झालं होतं, आणि कदाचित मोठ्या भावाने शिकवलं असेल. आपण नसतो तर काय झालं असतं, हा खरा प्रश्न. याला इंग्रजीत काउंटरफॅक्च्युअल म्हणतात, मी "आपण नसतो तर" एवढंच म्हणते. ते कोणालाच प्रत्यक्ष दिसत नाही, कारण तेच मूल एकाच वेळी वर्गात आणि वर्गाबाहेर असू शकत नाही. म्हणून त्याच्यासारखं दुसरं कोणीतरी शोधावं लागतं.

समजा आमच्या शंभरातली वीस मुलं जूनमध्ये परिच्छेद वाचत होती आणि मार्चमध्ये पन्नास वाचायला लागली. तीसने वाढ, पेढे वाटावेत अशी. आता बाजूच्या गल्लीतली, वर्गाला न येणारी शंभर मुलं बघितली, तिथेही जूनमध्ये वीस होती आणि मार्चमध्ये चाळीस झाली. म्हणजे वीसची वाढ आपण नसतानाही झालीच असती, आपल्या नावावर फार तर दहा. या दोन वाढींमधल्या फरकाला डिफरन्स इन डिफरन्सेस म्हणतात, नाव मोठं आहे पण वजाबाकी चौथीची आहे. तीसच्या जागी दहा लिहिताना हात थरथरतो, पण दहा मुलं ही खरी मुलं आहेत, आणि हा आकडा कोणी उलटतपासणी केली तरी टिकतो.

याच्यातही दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की जे आईबाप मुलाला संध्याकाळी वर्गाला पाठवतात ते मुळातच जास्त लक्ष देणारे असतात, त्यामुळे बाजूच्या गल्लीशी तुलना पूर्ण सारखी नसते. दुसरा जरा लपलेला आहे. आपण जूनच्या चाचणीत सगळ्यात खाली आलेली मुलं निवडतो, पण त्यातली काही त्या दिवशी फक्त घाबरलेली असतात, ताप असतो, रात्री झोप झालेली नसते. पुढच्या वेळी काहीही न करता ती थोडी वर येतात. याला सरासरीकडे परतणं म्हणतात, फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं होतं. म्हणून निवडीसाठी एक चाचणी आणि सुरुवातीची पातळी ठरवायला पंधरा दिवसांनी दुसरी, असं आम्ही आता करतो.

पहिल्या खड्ड्यावर सगळ्यात पक्का उपाय म्हणजे चिठ्ठ्या. नवी मुंबईत सिडकोच्या घरांची सोडत तुम्हाला माहीत आहे. अर्ज करणारे हजारो, घरं थोडी, कोणाला लागलं आणि कोणाला नाही हे निव्वळ नशिबावर. म्हणून लागलेले आणि न लागलेले हे दोन गट बाकी सगळ्या बाबतीत सरासरीने सारखे असतात, आणि पाच वर्षांनी त्यांच्या आयुष्यात फरक दिसला तर तो घरामुळे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. मुंबईतल्या म्हाडाच्या लॉटरीवर असा अभ्यास झालेलाही आहे. मुद्दाम अशी सोडत काढून कार्यक्रम तपासला की त्याला आरसीटी (रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल) म्हणतात. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना मिळालं ते गरिबीच्या प्रश्नांवर हीच पद्धत वापरल्याबद्दल, आणि त्यातला एक गाजलेला अभ्यास आपल्या शेजारचा, मुंबई आणि वडोदऱ्यातल्या पालिकेच्या शाळांमधला. प्रथमच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच तरुण मुली, मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळातच वेगळं बसवून शिकवायच्या. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी मिळणार हे सोडतीने ठरलं, त्यामुळे प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं आणि तुलनाही झाली. मार्क वाढले हे सिद्ध झालं. पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने परत बघितलं तेव्हा तो फायदा बराचसा ओसरला होता, आणि अभ्यासकांनी तेही छापलं. मला त्या अभ्यासातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

आमच्यासारख्यांनी आरसीटी करावी का? माझं मत, बहुतेक वेळा नाही. पन्नास-साठ मुलांमध्ये दोन हुशार मुलं इकडची तिकडे झाली तरी आकडा हलतो, मग त्या फरकाला अर्थ उरत नाही. पण जागा तीस आणि अर्ज पन्नास आले तर मात्र ओळखीच्यांना आधी घेण्यापेक्षा सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा, ते न्यायाचंही आहे आणि उरलेल्या वीस मुलांकडे बघून तुम्हाला काहीतरी शिकताही येईल. एकाही मुलाला शिकवायची सोय असताना फक्त तुलनेसाठी बाहेर ठेवू नका, ते चूक आहे.

आकड्यांनी सगळं कळत नाही. बांगलादेशात १९९० च्या दशकात रिक डेव्हिस यांनी एक पद्धत बसवली, मोस्ट सिग्निफिकंट चेंज, त्यात लोकांना एकच साधा प्रश्न विचारतात: गेल्या काही महिन्यांत तुमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल कोणता झाला, आणि तो महत्त्वाचा का वाटतो? गोष्टी जमल्या की सगळे एकत्र बसून त्यातली एक निवडतात आणि का निवडली ते लिहून ठेवतात. त्या वादात खरी मजा आहे. आमच्याकडे एका आजीने सांगितलं की नातू आता रेशनच्या दुकानावरचा बोर्ड वाचून सांगतो, धान्य आलंय की नाही, त्यामुळे तिची फुकटची फेरी वाचते. आमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता, चाचणीत तो मुलगा अजून "शब्द" पातळीलाच आहे.

आता हे सगळं ऑनलाइन मिळून कसं करायचं. माहिती गोळा करायला आम्ही कोबो टूलबॉक्स वापरतो. ओडीके नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर ते बांधलेलं आहे, छोट्या संस्थांना फुकट चालतं, मराठीत फॉर्म बनतो आणि नेट नसलं तरी मोबाइलवर भरता येतो, नेटवर्क आलं की वर जातो. येऊरच्या पाड्यावर गेलो तेव्हा याची किंमत कळली. गुगल फॉर्म सोपा आहे पण नेट गेलं की अडतो. फॉर्म बनवताना प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" आणि "सांगायचं नाही" हे पर्याय ठेवा, नाहीतर लोक काहीतरी खोटं भरतात आणि ते खोटं नंतर ओळखू येत नाही.

प्रत्येक मुलाला एक नंबर द्या, पहिल्या दिवशी. आमच्या यादीत एकच मुलगा सोहम, सोहन आणि रोमन लिपीत दोन स्पेलिंगांनी असा चार वेळा होता आणि आम्ही त्याला चार मुलं धरलं. आता केंद्राचं अक्षर आणि तीन आकडे, के-०१४ असं, आणि तो नंबर मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावरही लिहिलेला असतो.

आणि एक सॉर्टचा प्रसंग. एका रविवारी तिघं जण एकाच शीटवर काम करत होतो, कोणीतरी नावं अकारविल्हे लावायला फक्त नावांचा कॉलम निवडून सॉर्ट केला, बाकीचे कॉलम जागेवरच राहिले. नावं हलली, पातळ्या नाही हलल्या. सगळ्यांच्या नावापुढे दुसऱ्याच कोणाची पातळी. बघताना काहीच चुकलेलं दिसत नव्हतं, हेच भीतीदायक होतं. चार दिवसांनी एका ताईने विचारलं, "आपली ती तिसरीतली छोटी मुलगी 'गोष्ट' पातळीचं कधी वाचायला लागली?" तेव्हा कळलं. गुगल शीटच्या व्हर्जन हिस्टरीत जाऊन रविवारच्या सकाळची प्रत परत आणली, मधल्या चार दिवसांच्या नोंदी हाताने पुन्हा भरल्या. त्या दिवसापासून कच्ची माहिती वेगळ्या टॅबमध्ये कुलूपबंद, तिला कोणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही, आकडेमोड दुसऱ्या टॅबमध्ये. एका ओळीत एक मूल आणि एक चाचणी. रंगाने अर्थ सांगायचा नाही, कारण पिवळा म्हणजे काय हे सहा महिन्यांनी पिवळा करणाऱ्यालाच आठवत नाही. शेजारी एक पान, त्यात प्रत्येक कॉलमचा अर्थ मराठीत.

पालकांशी बोललेल्याच्या नोंदी हा आणखी वेगळा प्रकार. पन्नास पानांच्या गप्पांतून मुद्दे काढायचे तर दोन जणांनी त्याच दहा नोंदी आधी वेगवेगळ्या, एकमेकांचं न बघता वाचायच्या, प्रत्येक वाक्याला लेबल लावायचं, "पाण्याची वेळ", "शाळेची भीती", "मोबाइल", आणि मग समोरासमोर ठेवायचं. टॅगेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर यासाठी आहे, नाहीतर शीटही चालते. दोघांची लेबलं किती जुळतात हे मोजायला कोहेनचा कप्पा नावाचा आकडा १९६० पासून वापरतात, पण खरं सांगू, आकड्यापेक्षा जिथे जुळत नाही त्यावरचं भांडण जास्त उपयोगी. मी "मुलाला आवड नाही" असं लेबल लावलेल्या वाक्याला पुण्याच्या मित्राने "आई दमलेली" असं लावलं होतं. पुन्हा वाचलं तर त्याचं बरोबर होतं.

वाचलेले लेख-अहवाल एकत्र ठेवायला झोटेरोची ग्रुप लायब्ररी, आणि सगळ्यात स्वस्त पण सगळ्यात जास्त कामाची वस्तू म्हणजे एक साधं गुगल डॉक, नाव "काय ठरलं". तारीख, काय ठरलं, का ठरलं, कोण नाराज होतं. व्हॉट्सॲपवर ठरलेलं वाहून जातं, गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली गाडलं जातं, आणि नवीन आलेल्या माणसाला तर ते कधीच सापडत नाही. मीटिंग कमी आणि डॉकवर कमेंट जास्त असं केल्यावर एक फायदा असा झाला की ज्या ताई मीटिंगमध्ये गप्प बसायच्या त्या रात्री साडेदहाला स्वयंपाकघर आवरून कमेंटमध्ये भरभरून लिहायला लागल्या.

मुलांची माहिती सांभाळणं हे नंतर बघू म्हणून सोडू नका. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी "हा मुलगा पाचवीत आहे आणि अक्षरं ओळखत नाही" हे त्याच्या नावाफोटोसकट चाळीस जणांच्या ग्रुपवर का जावं? नावांची यादी वेगळ्या फाइलमध्ये, दोघांकडेच, बाकी सगळे नंबरवर काम करतात. संमती घेताना कागद वाचून दाखवतो, आणि नाही म्हटलं तरी मूल वर्गाला येऊ शकतं हे आधी सांगतो.

आणि जे कळलं ते वस्तीत परत न्या. आम्ही एक कार्डशीट लावतो, त्यावर चार पायऱ्या, प्रत्येक मुलासाठी एक टिकली, नाव नाही, जूनची लाल आणि नोव्हेंबरची हिरवी. आया येऊन उभ्या राहतात, टिकल्या मोजतात, आणि विचारतात, "ही खालची अजून इतकी का?" पैसे देणाऱ्यांनी हा प्रश्न आम्हाला कधी विचारला नव्हता. मागच्या वेळी त्यातूनच कळलं की खालच्या पायरीवरची निम्मी मुलं घरी मराठी न बोलणारी आहेत, आणि आम्ही त्यांना मराठी येतंच असं धरून वाचायला बसवत होतो. त्यांच्यासाठी आता पहिली वीस मिनिटं नुसत्या गप्पा आणि चित्रं.

यंदाची पुढची चाचणी दिवाळीची सुट्टी संपल्यावर दुसऱ्या आठवड्यात ठेवलीय. पहिल्या आठवड्यात नको, कारण अर्धी मुलं गावाहून परतलेली नसतात, आणि जी परतलेली असतात त्यांच्या हाताला अजून फटाक्यांचा वास असतो.